तिथलं तिथे

५ सप्टेंबर, शुक्रवार

कापडाच्या नमुन्यांचं हे जुनं पुस्तक टाकून द्यायला काढलं होतं. असली फुलाफुलांची सोफ्याची कापडं आता कोणी मागत नाही. पण प्रत्येक तुकड्यामागचं पान कोरं आहे, आणि माझ्या डोक्यात सध्या जे चाललंय ते कोणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून इथे लिहितो. दुकानात माझ्याबरोबर काम करणाऱ्या मामांच्या हाती लागलंच, तर त्या दिवशी ते चष्मा घरी विसरलेले असोत.

काल गुरुवार होता. गुरुवारी संध्याकाळी माझी बायको बोलायला जाते. बोलायला! वर त्याचे पैसे देते. ती लॅबमध्ये रक्त काढते. उपाशीपोटी आलेल्या, वैतागलेल्या माणसांशी दिवसभर गोड बोलून त्यांच्या दंडाला पट्टा बांधते. एवढं बोलून पुन्हा बोलायचं उरतं कुठे? आणि उरलंच तर मी आहे की घरात. जेवताना समोरच बसलेला असतो.

थेरपी म्हणतात म्हणे त्याला. उन्हाळ्यापासून चाललंय. मला वाटलं होतं चार दिवसांचं खूळ आहे, जाईल. पण गुरुवारी ती परत येते तेव्हा चेहरा धुऊन आल्यासारखी असते. भांडी लावताना गुणगुणते. मी तिला आजवर लग्नांना नेलं, समुद्रावर नेलं, तिच्या त्या बडबड्या मावशीकडेही नेलं. तिथून कुठूनही ती अशी परत आली नाही. मी विचारतो, "काय बोललीस आज?" ती म्हणते, "ते तिथलं तिथे."

तो माणूस मी पाहिलाय. एकदा सहज त्या रस्त्याने गेलो होतो. (सहज म्हणजे मुद्दाम. इथे खोटं लिहून काय मिळणार आहे.) टक्कल आहे, आणि अंगात कोपरावर विटलेला स्वेटर. कोणी देखणा असता तर निदान राग तरी धडपणे आला असता. टकल्यावर जळायचं म्हणजे स्वतःचीच लाज वाटते. तरी जळतो.

८ सप्टेंबर, सोमवार

तिच्या लॅबची नवी शाखा निघतेय, गाडीने जायला अर्धा दिवस लागेल इतकी लांब. तिला तिथे प्रमुख म्हणून बोलावलंय. हे तिने कांदा चिरताना सांगितलं, म्हणजे डोळ्यांत पाणी होतं ते कशाचं ते मला कळलं नाही.

"महिनाअखेर उत्तर द्यायचंय," ती म्हणाली. "गेले तर वर्षभर तरी तिथेच राहावं लागेल."

"आणि आपण?"

"मी म्हणतेय, मी. तुझं दुकान इथे आहे ना."

"मग तुझं काय ठरलंय?"

"विचार करतेय. गुरुवारी बोलेन."

गुरुवारी बोलेन! माझ्या संसाराचा निकाल तो टकल्या लावणार आणि मी इथे कांद्याच्या वासात बसणार. अंगाचा नुसता तिळपापड झाला. ताट सरकवून उठलो. नंतर भूक लागली म्हणून परत येऊन बसलो. तिने पुन्हा वाढलं.

एक गोष्ट ठरवली. त्या खोलीत असं काय देतात ते आतून पाहायचं. टकल्याकडे जाणं शक्य नाही, पण असली खोली काय एकच असते? आपल्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून औषधाच्या दुकानावर एका बाईंची पाटी आहे, त्या हेच करतात. वेळ मुद्दाम गुरुवारचीच घेतली. बायकोला सांगितलं, एका गिऱ्हाइकाकडे सोफ्याचं माप घ्यायला जायचंय.

११ सप्टेंबर, गुरुवार

जाऊन आलो.

डोक्यात जे जे होतं त्यातलं तिथे एकही नव्हतं. मला वाटलं होतं, आडवं झोपवतील. डोळ्यांसमोर घड्याळ हलवतील. शाईचे डाग दाखवून हे काय दिसतं विचारतील. त्याचं उत्तरही मी तयार ठेवलं होतं, प्रत्येक डागाला फुलपाखरू म्हणायचं. तसलं काही नाही. दोन खुर्च्या, एक खिडकी, पाण्याचा ग्लास आणि नाक पुसायच्या कागदांचा डबा. डबा माझ्या बाजूला ठेवला होता, ते मला जरा लागलं.

मॅडम माझ्या आईच्या वयाच्या. चपला दाराशी काढून पायात लोकरीचे मोजे घालून बसतात. आधी त्यांनीच सांगितलं काय काय होणार ते. पाऊण तास बोलायचं, सुचेल तिथून सुरू करायचं, नको वाटेल त्या प्रश्नाला नको म्हणायचं, जमत नाही वाटलं तर थांबायचं. कोणाच्या जिवाला धोका असेल तेवढं सोडून, इथे बोललेलं इथेच राहणार. म्हणजे पुन्हा तिथलं तिथे! मी विचारलं, "समजा एखादीचा नवरा येऊन तुम्हाला विचारायला लागला, की ती काय बोलते?"

"नाही सांगणार."

"अगदी कळवळून विचारलं तर?"

"तर त्याला म्हणेन, तुम्ही बसा, तुमचं बोला."

मी स्पष्ट सांगितलं, "मी बोलायला नाही आलो. बघायला आलोय."

"बघा की," म्हणाल्या आणि गप्प बसल्या. एवढा वेळ गप्प बसणारं माणूस मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, "या खुर्चीची उजवीकडची स्प्रिंग बसलीय. इथे येणारी माणसं दाराकडे कलून बसतात."

"आणि तुम्ही?"

पाहतो तर मीही दाराकडेच कललेलो.

मग उरलेला वेळ मी स्प्रिंगा, पट्टे आणि फोम यांच्यावर बोललो. स्वस्त फोम कसा वर्षात मरतो, जुन्या खुर्चीचा सांगाडा कसा ओळखायचा. त्या मन लावून ऐकत होत्या, मध्येच विचारतही होत्या. खुर्ची दुरुस्त करून देतो म्हटलं तर नको म्हणाल्या, "इथे तुम्ही कामाला येत नाही."

जिना उतरताना बरं वाटत होतं. आणि बरं वाटलं याचाच मग राग आला. म्हणजे तिलाही तिकडे असंच बरं वाटत असणार, त्या स्वेटरवाल्यामुळे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

वाटलं होतं, काल एवढा उशीर कसा झाला ते विचारेल. विचारलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "गिऱ्हाईक म्हणजे एक बाई होत्या. छान बोलतात."

"हो का," ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली.

"एकट्याच राहतात बहुतेक."

"मग एवढा मोठा सोफा कशाला हवाय त्यांना?"

म्हणजे लक्ष सोफ्याकडे. नवरा गेला उडत. मॅडम माझ्या आईच्या वयाच्या आहेत हे मी अर्थातच सांगितलं नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज मॅडमनी विचारलं, बायकोला यायला उशीर झाला की मी काय करतो. मी म्हटलं, उशीर होतच नाही. मीच तिला रोज लॅबमधून आणतो ना. दुकान मामांवर टाकून जातो. तिची कामाची पाळी बदलली की मला आधी कळतं. दुपारी जेवलीस का म्हणून फोन करतो, संध्याकाळी निघालीस का म्हणून करतो. फक्त गुरुवारी येऊ नको म्हणते, बसने येते.

मग हेल्मेटचा किस्सा सांगितला. हेल्मेट म्हणजे त्यांच्याकडे घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणणारा मुलगा, दिवसभर हेल्मेट डोक्यातच असतं. मी आणायला जायला लागण्याआधी एकदा तिची बस चुकली तर हा तिला मोटारसायकलवर घरापर्यंत सोडायला आला. तिच्या डोक्यात त्याचं हेल्मेट! मी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन सगळ्यांसमोर त्याला दोन शब्द सुनावले. तेव्हापासून ती दुपारी सगळ्यांबरोबर जेवत नाही, डबा एकटी खाते. मी म्हटलं, बघा, सांगावंसुद्धा लागलं नाही, तिचं तिला समजलं. दुसरा कोण करतो बायकोसाठी एवढं?

मॅडम म्हणाल्या, "रोज न्यायला या असं तिने तुम्हाला सांगितलं होतं का?"

हा काय प्रश्न झाला? तहान लागली का विचारून कोणी पाणी देतं का? म्हणजे देतात, पण ते वेगळं. मी जरा आवाज चढवून म्हटलं, "तुम्ही कोणाच्या बाजूच्या?" त्या म्हणाल्या, "इथे तुम्हीच आहात. तुमच्या." हे ऐकून इतकं विचित्र वाटलं की मी पाण्याचा अख्खा ग्लास संपवला.

घरी आलो तर माप घ्यायची टेप जेवणाच्या टेबलावर पडली होती. तिने उचलून खणात ठेवली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज मॅडमकडे गेलो नाही. माप घ्यायला जातो म्हणून निघालो आणि टकल्याच्या दारासमोरच्या बसथांब्यावर जाऊन बसलो. आज शेवटचा गुरुवार. आज ती त्याला विचारणार, जाऊ का नको. वरच्या मजल्यावर पिवळा पडदा होता, त्यामागे दिवा. माझी बायको, माझं घर, माझी भांडणं, सगळं त्या पडद्याआड, आणि तिथे खुर्ची त्याला.

ती बाहेर आली. हसत येईल असं वाटलं होतं. तर दोन पायऱ्या उतरली आणि कठड्याला हात लावून तिथेच थांबली. रस्त्याच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं, कोणी यायचं असावं तसं. माझ्या मनात आलं, हेल्मेट! मान पुढे काढून बघायला गेलो आणि तिने मला पाहिलं.

ओरडली असती तर सोपं झालं असतं. ती रस्ता ओलांडून आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. बस आली, चढलो. तिकिटं तिनेच काढली, दोघांची. घरी आल्यावर चपला काढताना म्हणाली, "उद्या मी लॅबला हो सांगणारेय."

"अगं, मी फक्त..."

"माहितेय. तू नेहमी फक्तच."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

तिने हो सांगितलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

मॅडमना सगळं सांगितलं, बसथांब्यासकट. वाटलं होतं रागावतील, मागचा गुरुवार बुडवला म्हणून तरी. नाही रागावल्या. म्हणाल्या, "काय बघायचं होतं तुम्हाला?"

"ती त्याला काय सांगते ते."

"रस्त्यापलीकडून ऐकू आलं?"

दुसरं कोणी असतं तर टोमणा वाटला असता. मग त्यांनी विचारलं, "थेरपीला जाणार हे तिने तुम्हाला पहिल्यांदा कधी सांगितलं?"

मी सांगायला लागलो आणि अडकलोच. गुरुवारी उशीर व्हायला लागला म्हणून मी जाब विचारला होता, तेव्हा ती म्हणाली होती, "सांगितलं होतं तुला. दुकानात." तेवढं आठवतं. त्याआधीचा तो दिवस आठवायला डोळे मिटून बसलो, तेव्हा आला.

नाट्यगृहाच्या जुन्या खुर्च्या मढवायला आल्या होत्या. नवे सोफे आम्ही पिनांच्या बंदुकीने करतो, पण जुन्या लाकडाला मामा खिळेच मारायला लावतात. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी, म्हणून खिळे तोंडात. जिभेने एकेक पुढे आणायचा, हातोडीच्या चुंबकावर टेकवायचा, ठोकायचा. मामांनी असंच शिकवलं, त्यांना त्यांच्या वस्तादांनी. तोंडात खिळे असले की बोलता येत नाही. आम्ही हं म्हणतो. गिऱ्हाईक विचारतं, उद्या मिळेल? हं. हा रंग बरा दिसेल ना? हं. दिवसभर हं.

ती दाराशी उभी होती, लॅबचा पांढरा कोट हातावर घेऊन. लवकर सुटली होती. काहीतरी म्हणाली. बराच वेळ बोलत होती. मी कोपऱ्यावरचं कापड ताणत होतो, कोपरा फार अवघड असतो.

"काय म्हणाली?" मॅडमनी विचारलं.

"आठवत नाही."

"तुम्ही काय म्हणालात?"

"हं," मी म्हटलं.

मला त्या खुर्चीत बसवेना.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मामांना विचारलं. ते त्या दिवशी माझ्यामागेच कापड बेतत होते.

"नवरा-बायकोचं बोलणं ऐकायची सवय नाही मला," म्हणाले. "तुझी बायको, तुझे कान."

"मामा, आठवा ना. महत्त्वाचं आहे."

त्यांनी कात्री खाली ठेवली. हे ते सहसा करत नाहीत. "सगळं नाही ऐकलं लेका. शेवटी येशील ना, असं विचारलं तिनं. दोनदा विचारलं. तू मान डोलावलीस. पोर खूश होऊन गेली. का, काय झालं?"

मी म्हटलं, काही नाही. तोंडात खिळे टाकले आणि संध्याकाळपर्यंत खुर्च्या ठोकत बसलो. पण प्रत्येक खिळ्याला तेच. येशील ना. येशील ना. कुठे?

४ ऑक्टोबर, शनिवार

ती खोक्यांत पुस्तकं भरत होती. मी शेजारी जमिनीवर बसलो. म्हटलं, "त्या दिवशी दुकानात तू मला काहीतरी विचारलं होतंस. काय विचारलं होतंस?"

"आता आठवलं?"

"नाही आठवलं. म्हणून तर विचारतोय."

तिने हातातलं पुस्तक खोक्यात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. "म्हटलं होतं, आपलं असं चालणार नाही. मी एक थेरपिस्ट शोधलेत. आपल्या दोघांसाठी वेळ घेतलीय, गुरुवारी. येशील ना? तू हं म्हणालास."

"मग?"

"मग काय. पायरीवर उभी राहिले तुझी वाट बघत. फोन केला, तू उचलला नाहीस. शेवटी तेच खाली आले. म्हणाले, दोघं येणार होतात ना? मी म्हटलं, नाही, मी एकटीच आहे."

इतके महिने ज्या खुर्चीवर मी जळत होतो, ती माझ्यासाठीच ठेवलेली होती. त्या टकल्याने नाही, मीच ती रिकामी ठेवली. म्हटलं, "मग आता येऊ का? या गुरुवारी येतो. शपथ."

ती रागावली असती तर मी तिची समजूत काढली असती, ते मला जमतं. ती रागावली नव्हती. "नको," म्हणाली. "आता तो गुरुवार माझा आहे. तिथे जाऊनही फोनवर चालू ठेवणारेय मी." मग खोक्याला चिकटपट्टी लावता लावता म्हणाली, "तुझ्या त्या सोफावाल्या बाई आहेत ना? त्यांच्याकडे जात राहा."

"तुला माहीत होतं?"

"दर गुरुवारी माप घ्यायला जायचास आणि टेप घरी ठेवून."

१९ ऑक्टोबर, रविवार

ती गेली. खोकी न्यायला लॅबची गाडी आली, ती हेल्मेट चालवत होता. डोक्यात हेल्मेट नसल्यामुळे मी ओळखलंच नाही, कानामागचे केस पांढरे आहेत त्याचे. सोबत त्याची बायको होती. ती माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडली. त्याच्या बायकोला मी याआधी एकदाही पाहिलं नव्हतं. मी एक खोकं उचललं, त्याने दुसरं. जिन्यात मी म्हटलं, "तेव्हा मी जरा जास्तच बोललो." तो म्हणाला, "जरा?" आणि खोकं सावरून पुढे गेला.

स्टेशनवर मी वर्षभर थांबेन वगैरे बोलणार होतो. ती म्हणाली, "रोज फोन करू नकोस. मी करेन." गाडी सुटल्यावर मी फोन काढला आणि पुन्हा खिशात ठेवला. पुन्हा काढला. पुन्हा ठेवला.

तिला कोण आणत असेल, कोण सोडत असेल, जेवताना समोर कोण बसत असेल, हे सगळं सुरू झालंय डोक्यात. बंद होत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

मॅडमकडे गेलो. आज फोमवर एक शब्द बोललो नाही. कागदांचा डबा माझ्या बाजूला का ठेवतात ते आज कळलं. निघताना बघितलं, आज मी दाराकडे कललो नव्हतो, पण त्यांनी दुसऱ्या कोणाकडून स्प्रिंग बसवून घेतलीय, ते त्यामुळेही असेल.

दुकानात परत आलो आणि तोंडात खिळे टाकून कामाला लागलो. मामा म्हणाले, डोळे का लाल? मी हं म्हटलं. मग खिळे तळहातावर काढले आणि म्हटलं, "रडलो, मामा." ते कात्री धरून उभेच राहिले, मग म्हणाले, "बरं केलंस," आणि चहा सांगितला.

संध्याकाळी तिचा फोन आला. तीही नुकतीच बोलून उठली होती, टकल्याशी. नव्या जागी पाणी कमी दाबाने येतं, लॅबमधली माणसं चांगली आहेत, वगैरे. मी कोण माणसं ते विचारलं नाही. कसं गिळलं माझं मला माहीत. मग ती म्हणाली, "तू जाऊन आलास?"

"हो."

"काय बोललास?"

सगळं सांगून टाकावं असं फार वाटत होतं. पण म्हटलं, "ते तिथलं तिथे."

मला वाटलं, फोन कटला. मग हळूच म्हणाली, "माझ्याबद्दल होतं?"

"थोडं. बरंचसं माझ्याबद्दल."

"एवढं काय बोलतोस रे त्यांच्याशी?" ती म्हणाली. आणि तिच्या आवाजात जरासं काहीतरी होतं. तो आवाज मी चांगला ओळखतो, उन्हाळ्यापासून तो माझाच होता. तिने लगेच विषय बदलला, पाण्याच्या दाबावर आली. मी ऐकत राहिलो, सगळं, शेवटपर्यंत. पण लिहून ठेवतो, देवाशपथ, इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.